एक बिट आणि आंबोलीचं धुकं: मिनीबसमधल्या जुन्या बोर्डाचं प्रकरण

वेंगुर्ला–सावंतवाडी–आंबोली–बेळगाव या मार्गावर मिनीबस चालवणाऱ्या एका मालकाला असा डबा हवा होता, जो घाटात रस्त्यावर गुरं, माणूस, उभी गाडी किंवा पडलेला दगड दिसला की चालकाला आवाज देईल. पावसाळ्यात आंबोलीच्या वळणांवर धुकं उतरलं की समोरच्या गाडीचे मागचे दिवे हाच काय तो रस्ता, आणि दरडीखालून सुटलेला धोंडा कुठल्या वळणामागे बसला असेल ते सांगता येत नाही.

अट मात्र एक होती: नवीन यंत्र घ्यायचं नाही. बसमध्ये छताजवळ संगणकाचा एक छोटा बोर्ड आधीच बसवलेला होता. त्यात आर्मचे चार कॉर्टेक्स-ए५३ कोर, म्हणजे गणना करणारे चार भाग, आणि काम काय, तर पडद्यावर गाणी दाखवणं, थांब्यांची नावं बोलणं आणि समोरच्या कॅमेऱ्याचं चित्रण साठवणं. कॅमेरा ६४० गुणिले ४८० पिक्सेलचा. त्याच डब्यात हे बसवा, असं शेट म्हणाले. मोबाइलची रेंज दाणोली सोडल्यावर येते-जाते, त्यामुळे चित्र दूरच्या सर्व्हरला पाठवून उत्तर मागवण्याचा प्रश्नच नव्हता. वर त्यांनी बजावलं, "काय ता करा, पण गाणी बंद पडूक नको."

जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी त्याआधीच एक न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणं पाहून ओळखायला शिकणारा प्रोग्राम, तयार केलं होतं. प्रयोगशाळेतल्या संगणकावर ते उत्तम चालायचं. बोर्डावर टाकल्यावर उत्तर रेंगाळत यायचं आणि गाणं अडखळायचं. मुलांनी दुसरी आवृत्ती केली, तिच्यात सगळी वजनं (नेटवर्क शिकतं त्या गुणक-संख्या) उणे एक किंवा अधिक एक, म्हणजे बायनरी. तरी वेग तसूभर वाढला नाही. या टप्प्यावर एम्बेडेड प्रोग्रामिंगची बाजू माझ्याकडे आली.

आधी ब्रेक, मग नेटवर्क

अशा कामात पहिला प्रश्न अचूकतेचा विचारला जातो. माझ्या मते पहिला प्रश्न मीटरचा असावा. दाट धुक्यात समोरचं २५ मीटरपर्यंत दिसतं असं धरू. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. चालकाचा पाय ब्रेकवर जायला एक सेकंद, तोही जागा आणि लक्ष असलेला चालक. ओल्या डांबरावर घर्षणांक ०.४ धरला तर ब्रेक लागल्यावर गाडी आणखी जवळजवळ १६ मीटर घसरते. बेरीज २७ मीटर. म्हणजे ४० च्या वेगाला डब्याने क्षणात उत्तर दिलं तरी उशीरच झालेला असतो.

ताशी ३० ला हेच गणित प्रतिक्रियेचे ८.३ आणि ब्रेकचे ८.८ मीटर असं बसतं, मिळून १७ च्या थोडं वर. घाटाचा उतार वीसला एक धरला तर ब्रेकचे १० मीटर होतात, एकूण साडेअठरा. उरले साडेसहा मीटर, आणि ३० च्या वेगाला साडेसहा मीटर म्हणजे पाऊण सेकंद. चित्र घेणं, लहान करणं, नेटवर्कमधून काढणं, खात्री करणं आणि आवाज देणं, सगळं त्या पाऊण सेकंदात बसायला हवं. एका चित्रावर विश्वास ठेवता येत नाही, कारण वायपरचं पातं मध्ये येतं, थेंब ओघळतो. त्यामुळे लागोपाठच्या तीनपैकी दोन चित्रांनी होकार दिला तरच आवाज, असा नियम ठरला. एकाच नजरेची तीन चित्रं ०.६ सेकंदात हवीत, म्हणजे सेकंदाला पाच. पुढे एक नजर पुरणार नाही असं दिसलं आणि ती मागणी दहावर गेली.

याच गणितातून एक गोष्ट अशी निघाली की जिला न्यूरल नेटवर्क लागतच नाही. चित्रातला उजेड-अंधाराचा फरक फार कमी झाला आहे, म्हणजे धुकं आहे, आणि जीपीएस वेग ३० च्या वर दाखवतोय, तर डब्याने फक्त "हळू" म्हणावं. दोन ओळींचा प्रोग्राम. माझं प्रामाणिक मत विचाराल तर या सगळ्या खटाटोपात जीव वाचवण्याची सर्वांत जास्त शक्यता या दोन ओळींची आहे. कॅमेऱ्याला धुक्यापलीकडचं दिसत नाही, माणसाला दिसतं तेवढंच त्याला दिसतं. डब्याचा उपयोग त्या क्षणापुरता, जेव्हा चालक आरशात किंवा दरीकडच्या कडेला बघत असतो.

एका बिटाने नेमकं काय मिळतं

बायनरी नेटवर्कची कल्पना आता जुनी आहे. २०१५ मध्ये कूर्बारियो, बेंजिओ आणि डेव्हिड यांनी बायनरीकनेक्ट मांडलं, त्यात फक्त वजनं एका बिटाची, म्हणजे दोनच किमतींची, होती. २०१६ मध्ये नेटवर्कच्या थरांमधून, म्हणजे गणनेच्या एकामागून एक टप्प्यांमधून, वाहणारी मूल्यंही एका बिटावर आणली गेली, आणि त्याच वर्षी रास्तेगारी आणि सहकाऱ्यांचं एक्सनॉर-नेट आलं. इमेजनेट या चित्रसंचावर पूर्ण, म्हणजे ३२ बिटांच्या, आकड्यांत चालणाऱ्या ॲलेक्सनेट या नेटवर्कची अचूकता ५६.६ टक्के, तर एक्सनॉर-नेटची ४४.२. पुढे २०२० मध्ये रिॲक्टनेटने ६९.४ टक्के गाठले, म्हणजे पूर्ण आकड्यांच्या रेस्नेट-१८ च्या पंगतीला येऊन बसलं. एक्सनॉर-नेटच्या लेखातला ५८ पट वेगाचा आकडा जो तो सांगतो. तो एका कॉन्व्होल्यूशनच्या, म्हणजे चित्रावर लहान खिडकी सरकवत गुणाकार-बेरीज करण्याच्या, क्रियेपुरता आहे, कॅमेऱ्यापासून भोंग्यापर्यंतच्या प्रवासाचा नाही.

युक्ती अशी. दोन संख्या फक्त +१ किंवा −१ असतील तर त्यांचा गुणाकार म्हणजे "सारख्या आहेत की वेगळ्या" एवढंच उत्तर. +१ ला १ आणि −१ ला ० असा बिट दिला, की १२८ संख्यांच्या दोन रांगांचा गुणाकार एका एक्सॉर (बिट वेगळे असतील तिथे १ देणाऱ्या) सूचनेत होतो. मग वेगळे निघालेले बिट मोजायचे. लांबी न आणि वेगळे बिट प असतील तर गुणाकारांची बेरीज न उणे दोन प. बोर्डावरच्या प्रोसेसरच्या निऑन विभागात, जो अनेक संख्यांवर एकदम काम करतो, १२८ बिटांचे रजिस्टर आहेत आणि प्रत्येक बाइटमधले १ मोजणारी सूचनाही आहे. म्हणजे लागणारं सगळं चिपवर पहिल्यापासून होतं, वापरणारा प्रोग्राम तेवढा नव्हता.

मुलांच्या दुसऱ्या आवृत्तीचा वेग का वाढला नाही, त्याचं उत्तर इथेच. पायटॉर्च या नेटवर्क शिकवण्याच्या साधनात शिकवताना +१ आणि −१ या किमती ३२ बिटांच्या दशांश संख्यांतच ठेवल्या जातात. शिकण्यासाठी ते आवश्यकच आहे. धन की ऋण एवढंच सांगणाऱ्या, पायरीसारख्या चिन्ह-फलनाला उतार नसतो, म्हणून मागे येणारी दुरुस्ती पायरीतून सरळ पुढे ढकलायची आणि मूल्य −१ ते +१ च्या बाहेर गेलं की अडवायची, अशी तडजोड करतात. त्या बारीक दुरुस्त्या साठवायला दशांश संख्या लागतात. पण तेच मॉडेल तसंच उचलून बोर्डावर ठेवलं तर बोर्ड इमानदारीत १.० गुणिले −१.० असे दशांश गुणाकार करत बसतो. नावाने बायनरी, कामाने पूर्वीचंच. वजनं खरोखर बिटांत भरून, एक्सॉर आणि मोजणीचा गाभा हाताने लिहिल्यावरच फरक पडतो.

आम्ही घेतलेलं नेटवर्क लहान होतं. ६४० गुणिले ४८० च्या चित्रातलं वरचं आभाळ आणि खालची डॅशबोर्डची कड मिळून ९६ ओळी कापल्या, उरलेलं १६० गुणिले ९६ वर आणलं. पहिला थर आठ बिटांचा, ३ रंगांतून ३२ चॅनेल, म्हणजे चित्राचे वेगवेगळे पैलू टिपणारे पदर. पुढचे पाच थर बायनरी, ६४, ६४, १२८, १२८ आणि १२८ चॅनेलचे. शेवटी चित्राच्या १० गुणिले ६ चौकटी, आणि प्रत्येक चौकटीचं उत्तर पाचांपैकी एक: काही नाही, गुरं, माणूस, वाहन, अडथळा. हा शेवटचा थरही आठ बिटांचा. पहिला आणि शेवटचा थर एका बिटाचा करायचा नाही हा या क्षेत्रातला सर्वमान्य रिवाज आहे, आणि धुक्यासाठी तर तो मोडण्याचा विचारही करू नये. धुक्यात गाईची पाठ आणि मागची राखाडी यांत काही मोजक्या छटांचाच फरक असतो. तो फरक पहिल्याच दाराशी हो-नाहीत कापला की पुढचे थर कितीही हुशार असोत, त्यांच्या हाती काही येत नाही.

आता हिशेब. पाच बायनरी थरांत मिळून ४,२३,९३६ वजनं. ३२ बिटांत ती जवळजवळ १७ लाख बाइट होतात, एका बिटात ५३ हजारांच्या आत. बहात्तर गाणी साठवणाऱ्या कार्डावर १७ लाख बाइट म्हणजे काहीच नाही, मग एवढं कौतुक कशाला? कारण प्रश्न साठवण्याचा नाही, जवळ ठेवण्याचा आहे. या चिपमध्ये प्रत्येक कोरला स्वतःची ३२ किलोबाइटची डेटा कॅश, म्हणजे जवळची जलद मेमरी, असते, आणि चारही कोरमध्ये मिळून ५१२ किलोबाइटची दुसरी. सर्वांत मोठ्या थराची वजनं ३२ बिटांत ५७६ किलोबाइट होतात, म्हणजे सामायिक कॅशमध्येही मावत नाहीत. एका बिटात तीच १८ किलोबाइट. त्या थरात येणारं चित्र पावणेचार किलोबाइट. दोन्ही मिळून कोरच्या स्वतःच्या कॅशमध्ये आरामात बसतात. पहिल्या थरातून बाहेर पडणारं ८० गुणिले ४८ चं, ३२ चॅनेलचं चित्र ३२ बिटांत ४८० किलोबाइट झालं असतं, बिटांत ते १५ आहे. पाचही बायनरी थर असे तपासले, एकही ३२ च्या बाहेर जात नाही.

शेटच्या गाण्यांचा संबंध इथे येतो. सामायिक कॅश व्हिडिओ आणि चित्रण साठवणारे प्रोग्राम सतत ढवळत असतात. आपलं नेटवर्क तिथे राहायला गेलं की दोघांची ओढाताण होते, वजनं पुन्हा पुन्हा बाहेरच्या मेमरीतून आणावी लागतात आणि गाणं अडखळतं. बाहेरच्या मेमरीतून एक शब्द वाचायला लागणारी ऊर्जा चिपवरच्या लहान कॅशच्या तुलनेत शंभरपटीहून जास्त असते, हे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये दिलेल्या ४५ नॅनोमीटरच्या आकड्यांवरून दिसतं. बंद बसच्या छताखाली मे महिन्यात ही ऊर्जा म्हणजे उष्णता, आणि चिप तापली की स्वतःच वेग उतरवते. नेटवर्क एका कोरच्या घरातच राहिलं आणि गाणी उरलेल्या तीन कोरवर सुखाने चालू राहिली.

क्रियांचा हिशेबही गमतीचा निघाला. बायनरी थरांत एका चित्रामागे साधारण ११.५ कोटी गुणाकार-बेरजा. १२८ च्या गठ्ठ्याने गेलं तर ९ लाख गठ्ठे, प्रत्येकाला तीन-चार सूचना. पहिल्या आठ बिटांच्या थरात फक्त ३३ लाख गुणाकार, एकूण कामाच्या तीन टक्क्यांहून कमी. पण तिथे आठ-आठच एका वेळी होतात, त्यामुळे वेळेतला त्याचा वाटा तीन टक्के राहत नाही, फुगतो. आणि चित्र कापणं, लहान करणं, रंगांचं रूपांतर, हे पूर्वी नगण्य वाटणारं काम आता यादीत वर येऊन बसतं. बायनरी गाभा आणखी घासण्यात मुलांचा उत्साह होता. मी त्यांना चित्र लहान करणारा भाग निऑनमध्ये लिहायला बसवलं. तिथून मिळालेला वेळ जास्त होता.

एक बारीक गोष्ट, जी पहिल्यांदा हे करणाऱ्याला हमखास अडवते. कॉन्व्होल्यूशन करताना चित्राच्या कडेला शून्य भरतात. बायनरी जगात शून्य नाही, आहे ते +१ किंवा −१. कडेला −१ भरायचं ठरवलं तर शिकवतानाही −१ च भरावं लागतं, नाहीतर प्रयोगशाळेतलं उत्तर आणि बसमधलं उत्तर कडेच्या चौकटींत जुळत नाही. आणि घाटात गुरं बहुधा कडेनेच आत येतात.

"धोंडो इलो तर गप रवता"

पहिली बस या डब्यासह उन्हाळ्यात फिरू लागली. सेकंदाला पाच चित्रांचं लक्ष्य गाठलं गेलं होतं, गाणी चालू होती, मालक खूश. चालक मात्र खूश नव्हते. तीसेक वर्षं घाट चढउतार केलेले काका. त्यांना विचारलं, "काका, कसा चाललाय डबा?" ते म्हणाले, "ह्यो डबो गुरांका बघून कोकलता, पण धोंडो इलो तर गप रवता."

मुलांचं पहिलं म्हणणं असं की एका बिटात तेवढी ताकद नाही, अडथळ्यासाठी पूर्ण आकड्यांचं नेटवर्क लागेल. मला आधी पिक्सेल मोजायचे होते. कॅमेऱ्याचा आडवा कोन ६० अंशांचा. ६४० पिक्सेलच्या चित्रात त्याची फोकल लांबी सुमारे ५५४ पिक्सेल येते, १६० वर आणलेल्या चित्रात १३९. गाय उंचीला १.३ मीटर धरली तर २५ मीटरवर ती लहान चित्रात सात पिक्सेलची दिसते. ०.४ मीटरचा दगड, जो मिनीबसचा पुढचा एक्सल मोडायला पुरेसा आहे, तो दोन पिक्सेलचा. दोन पिक्सेलचा दगड ३२ बिटांच्या नेटवर्कलाही ओळखता येत नाही, तो रस्त्यावरचा ओला डागही असू शकतो. दोष बिटांचा नव्हताच, चित्र लहान करताना दगड हरवत होता.

हेच मूळ चित्रात पाहिलं तर दगड नऊ पिक्सेलचा असतो. मग उपाय असा झाला. एका वेळी सगळं चित्र लहान करून पाहायचं, पुढच्या वेळी मूळ चित्रातलाच रस्त्याच्या मध्यावरचा १६० गुणिले ९६ चा तुकडा, लहान न करता. नेटवर्क तेच, वजनांचे संच दोन, मिळून शंभर किलोबाइटच्या थोडं वर. एकदा लांबून सगळीकडे नजर, एकदा रस्त्याकडे रोखून. बायनरी केल्याने वेळ वाचला होता म्हणूनच दोन नजरा परवडल्या. त्यामुळे या प्रकरणात बायनरी नेटवर्कने अचूकता "दिली" असं कोणी म्हटलं तर ते चूक, पण त्याने वेळ दिला आणि तो वेळ आम्ही पिक्सेलवर खर्च केला, एवढं म्हणता येईल. एकाच नजरेचं जड नेटवर्क घेतलं असतं तर दगड तसाच दोन पिक्सेलचा राहिला असता.

वळणावर रस्त्याचा मध्य चित्राच्या मध्यावर नसतो, म्हणून तुकडा कुठून कापायचा ते बोर्डातल्या वळणमापकावरून, म्हणजे जायरोवरून, डावी-उजवीकडे सरकवतो. आंबोलीच्या नागमोडी वळणांत हे बऱ्यापैकी चालतं. अगदी उलट्या वळणावर नाही चालत, पण तिथे गाडीचा वेगही दहा-पंधराच्या वर नसतो.

दगडांची चित्रं मिळवणं ही वेगळीच कथा. गुरांची चित्रं हवी तितकी होती. संध्याकाळ झाली की कोकणातल्या कुठल्याही रस्त्यावर ती बसलेलीच असतात. पण घाटात पडलेल्या धोंड्याचा फोटो काढायला कोण थांबतं? मुलांनी मालकाच्या आवारात जांभ्याचे चिरे मांडून फोटो काढले. नेटवर्क चिरे ओळखायला उत्तम शिकलं, आणि मग सावंतवाडीच्या बाहेर प्रत्येक घराच्या गडग्याकडे, म्हणजे दगडी कुंपणाकडे, बघून ओरडायला लागलं. घाटात येतो तो धोंडा बहुधा ओला, काळसर, चिखलाने माखलेला, आकाराने वेडावाकडा. शेवटी काकांनीच तोडगा दिला: बांधकाम खात्याचा जेसीबी जिथे पडझड बाजूला सारतो, ते ढिगारे रस्त्याच्या कडेला महिनोन्महिने पडून असतात. त्यांचे फोटो, वेगवेगळ्या उजेडात आणि पावसात. गडग्यांचे फोटो "काही नाही" या वर्गात घातले.

या क्षेत्रातले बरेच प्रयोग जर्मन वाहतूक चिन्हांच्या संचावर होतात, त्यात ४३ प्रकारची चिन्हं आणि ५० हजारांहून जास्त चित्रं आहेत. बायनरी नेटवर्क तिथे छान चालतं. पण चिन्ह हे ओळखलं जावं म्हणूनच रंगवलेलं असतं. चिखलातल्या धोंड्याची अशी काही इच्छा नसते, त्यामुळे तिथले आकडे घाटासाठी गृहीत धरू नयेत.

जूनमध्ये डबा मुका झाला

पाऊस सुरू झाला आणि पहिल्या दाट धुक्यात डबा गप्प. गुरांसाठीही गप्प. काच पुसली, कॅमेरा तपासला, सगळं ठीक. पूर्ण आकड्यांचं जुनं नेटवर्क त्याच चित्रांवर संगणकावर चालवलं, तर ते कमजोर पडत होतं, पण मुकं नव्हतं. बायनरी मात्र एकदम बसलं होतं.

कारण शोधायला थर उघडून बिट पाहावे लागले. प्रत्येक बायनरी थरानंतर बॅच नॉर्मलायझेशन असतं. शिकवताना ते प्रत्येक चॅनेलची सरासरी आणि विखुरण मोजून मूल्यं सारखी करतं. बोर्डावर नेताना ते वेगळं ठेवावं लागत नाही. त्यानंतर लगेच चिन्ह पाहायचं असल्याने दोन्ही मिळून एकच पूर्णांक उंबरठा उरतो: वेगळे निघालेले बिट या आकड्याहून कमी तर १, नाहीतर ०. गुणक ऋण असेल तर तुलना उलटी. सुटसुटीत आणि जलद. पण हा उंबरठा फेब्रुवारी ते मेच्या उन्हातल्या चित्रांवरून ठरलेला होता. धुक्यात सगळ्या चॅनेलची सरासरीच सरकली, आणि पहिल्या थरातल्या कित्येक चॅनेलचे बिट चित्रभर एकाच बाजूला जाऊन बसले. ज्या चॅनेलचे सगळे बिट सारखे, तो काहीच सांगत नाही. दशांश संख्यांत मूल्य थोडं सरकतं तेव्हा पुढच्या थराला थोडी तरी कुजबुज पोचते. एका बिटात कुजबुज नसते.

वजनं पुन्हा शिकवायची गरज नव्हती. धुक्यातली चित्रं नेटवर्कमधून फिरवून फक्त सरासरी आणि विखुरण नव्याने मोजले आणि त्यांवरून उंबरठे पुन्हा काढले. थरामागून थर, क्रमाने, कारण पहिल्या थराचे उंबरठे बदलले की दुसऱ्यात येणारे बिटच बदलतात. सहा थरांचे मिळून ५४४ उंबरठे, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे साधारण एक किलोबाइटची फाइल. डबा बोलू लागला.

आता बोर्डावर वजनं तीच राहतात आणि उंबरठ्यांच्या दोन फायली असतात, एक उघडिपीची, एक धुक्याची. कुठली वापरायची हे चित्रातल्या उजेडाच्या विखुरणावरून ठरतं, तोच आकडा जो "हळू" म्हणण्यासाठी मोजत होतोच. वायपरच्या वायरवरून ठरवावं असा एक विचार होता. पण आंबोलीत पाऊस नसतानाही धुकं असतं आणि सावंतवाडीत धुकं नसतानाही धो-धो पाऊस, म्हणून तो सोडला. सीमेवर सारखी अदलाबदल होऊ नये म्हणून आत जायचा आकडा वेगळा आणि बाहेर यायचा वेगळा.

याच कारणासाठी थरांना बगल देऊन मूल्य पुढे नेणाऱ्या जोडण्या आम्ही घेतल्या नाहीत. २०१८ च्या बाय-रिअल नेटपासून त्या बायनरी नेटवर्कमध्ये सर्रास वापरतात आणि अचूकता नक्की वाढवतात. पण मग दशांश संख्या थरांमधून वाहत राहतात, उंबरठा नुसता एक पूर्णांक उरत नाही, आणि एक किलोबाइटची फाइल बदलून ऋतू बदलण्याची सोय जाते. सात थरांच्या लहान नेटवर्कला त्या जोडण्यांची तेवढी गरजही नसते. खोल नेटवर्क असतं तर माझा निर्णय उलटा झाला असता.

बाकी तारांचं काम कोकणात नेहमीचंच. खाऱ्या हवेने तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढतो, म्हणून कॅमेऱ्याची जोडणी सोल्डर करून वर लेप दिला. इंजिन सुरू होताना व्होल्टेज खाली जातं आणि बोर्ड पुन्हा चालू होतो, त्यासाठी पुरवठ्यात कन्व्हर्टर घातला. जुलैत धबधब्याजवळ पर्यटकांची एवढी गर्दी असते की डबा अखंड ओरडला असता, म्हणून ताशी दहाच्या खाली तो गप्प राहतो. काकांनी मागितलेली ही एकच सुधारणा, आणि ती झाल्यावर वायर काढून टाकण्याची धमकी त्यांनी मागे घेतली.

आठ बिट का नाही

हा प्रश्न कोणीही जाणकार विचारेल, आणि तो रास्त आहे. हेच नेटवर्क आठ बिटांत केलं तर वजनं सव्वाचार लाख बाइट होतात, अचूकता जवळजवळ पूर्ण आकड्यांइतकी राहते, उंबरठ्यांचा त्रास नाही आणि तयार साधनं भरपूर आहेत. पण या बोर्डावर ती वजनं सामायिक कॅश जवळपास भरून टाकतात आणि गाण्यांशी भांडण पुन्हा सुरू होतं. शिवाय ए५३ मध्ये आठ बिटांचे चार गुणाकार एकत्र करून बेरीज करणारी डॉट-प्रॉडक्ट सूचना नाही. ती आर्मच्या नंतरच्या ए५५, ए७६ अशा कोरमध्ये आली. तिथे एका बिटाचा फायदा बराच आटतो आणि हाताने लिहिलेला गाभा सांभाळण्याची कटकट उरते. मुलं शिकून बाहेर पडल्यावर तो कोण सांभाळणार, हा प्रश्न मालकाने विचारला नाही, पण मी विचारला.

रात्रीचं काम अजून बाकी आहे. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांनी चित्र पांढरं होतं आणि दोन्हीपैकी कुठलेच उंबरठे लागू पडत नाहीत. तिसरी फाइल करून ते सुटेल असं मुलांना वाटतं. मला वाटत नाही, कारण तिथे सरासरी सरकत नाही, चित्रातली माहितीच जळून जाते. कॅमेऱ्याचा एक्स्पोजर आधी हातात घ्यावा लागेल. तोवर अंधार पडल्यावर डबा फक्त "हळू" म्हणतो.

मालक दिवाळीनंतर आणखी दोन मिनीबस घेत आहेत. त्यांच्यातले बोर्ड डॉट-प्रॉडक्ट सूचना असलेले असतील, तसं कोटेशनमध्ये लिहून घेतलं आहे. त्या दोन गाड्यांवर आठ बिट जातील, दोन नजरांची पद्धत तशीच ठेवून. जुनी गाडी एका बिटावरच राहील.